पहिलीची बाटली

काजवालीचं भांडण टोमॅटोंशी होतं. थट्टा नाही, खरोखर टोमॅटोंशी. घरामागच्या वाफ्यात बारा रोपं होती. ती त्यांना पाणी घालायची, काठीला बांधायची, पानांखालच्या अळ्या बोटांनी वेचायची आणि हे सगळं करता करता त्यांना झापायची. "पिका, पिका लवकर. राबायचं मी आणि नाव व्हायचं तिचं!"

तिचं म्हणजे पहिलीचं. काजवालीच्या नवऱ्याची पहिली बायको. तिला जाऊन चौदा वर्षं झाली होती. गेलेल्या माणसावर काय जळायचं, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्यांनी तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या पातेल्यात, तिच्याच बियांच्या टोमॅटोंचा बारा वर्षं सॉस करून बघावा आणि मग बोलावं.

काजवाली हे नाव कामावरून पडलेलं. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात ती हाताने काजं करायची. मशीनचं काज वर्षात उसवतं, हिचं काज शर्ट फाटला तरी शाबूत राहतं, असं दुकानाचे मास्तर गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत. लग्न उशिरा झालं, चौतिसाव्या वर्षी. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर, विधुर, पदरी दहा वर्षांची मुलगी. माणूस साधा, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मुलगी तिला मावशी म्हणायला लागली, तेही तिने आनंदाने चालवून घेतलं. आई म्हण असा हट्ट तिने कधी धरला नाही. तिला हवं होतं ते फार थोडं होतं. वर्षातून एकदा सॉस व्हायचा, तो खाऊन त्या पोरीने म्हणावं, "मावशी, मस्त झालाय." बस्स. पुढे काही नको.

पण पुढे कायम काहीतरी असायचंच. "मस्त झालाय मावशी, पण आईचा..." "छानच आहे गं, पण आईच्या हातचा..." पेंटर तर तोंडाने बोलायचाही नाही. घास हातात धरून भिंतीकडे बघत बसायचा, आणि ते बघणंसुद्धा 'पण'च असायचं. त्या एवढ्याशा शब्दाने काजवालीच्या अंगाची लाही लाही व्हायची.

ती या घरात आली तेव्हा पहिलीने केलेल्या सॉसच्या तीन बाटल्या शिल्लक होत्या. लग्नानंतरच्या आठवड्यातच पेंटरने त्यातली एक उघडली आणि उकडलेल्या बटाट्यांवर तिघांना वाढली. बापलेक मान खाली घालून जेवले. काजवालीने एक चमचा तोंडात घातला. इतका चांगला असेल असं तिला वाटलं नव्हतं. आधी आंबट, मग गोड, आणि गिळून झाल्यावर मागे रेंगाळणारा धुरकट वास. दुपारी घरात कुणी नव्हतं. बोट तळाला पोचेना म्हणून तिने बाटलीत चमच्याची दांडी घातली आणि उरलंसुरलं चाटूनपुसून खाल्लं. चोर म्हणा हवं तर. दुसरी बाटली पोरीने शाळेच्या डब्यात संपवली. तिसरी पेंटरने कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, अगदी मागे सारली आणि म्हणाला, "ही राहू दे."

"राहू दे की," काजवाली म्हणाली. नवी नवरी दुसरं काय म्हणणार?

सॉसची रीतही पहिलीनेच घालून दिलेली. टोमॅटो तीनदा तोडायचे, दर तोडणीचा सॉस वेगळा शिजवायचा, वेगळ्या बाटल्यांत भरायचा, आणि पेंटरने बारीक ब्रशने चिठ्ठीवर लिहायचं: पहिली, दुसरी, तिसरी. पहिल्या तोडणीचा सॉस सर्वांत दाट, पुढचे उतरत जायचे. काजवालीने घरात आल्यावर पहिल्यांदा सॉस केला, तेव्हा पहिल्या तोडणीचा घाबरून करपवला. दुसऱ्या तोडणीचा मात्र जमला. पेंटरने कौतुकाने चिठ्ठी रंगवली, बाटलीवर चिकटवली आणि बाटली तिच्यापुढे ठेवली. झोकदार, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: दुसरी.

ती रडायलाच लागली. "मी दुसरी आहे हे आता बाटलीवर लिहून ठेवायचंय का तुम्हाला? मग दारावरच पाटी लावा ना! रंग आहेच घरात!"

"अगं तोडणी! तोडणी दुसरी!" पेंटर पार गडबडून गेला.

समोरच्या वहिनी तेव्हा खिडकीतच होत्या, त्यामुळे संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. पुढे कित्येक वर्षं कुणी बाटली मागायला आलं की डोळे मिचकावून विचारायचं, "काय, पहिली देता की दुसरी?" पेंटरही हसायचा. काजवालीला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

एवढ्या जळफळाटाचं तिने केलं काय? ती शिकली. हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिलीने कृती कुठे लिहून ठेवली नव्हती. पेंटरला विचारावं तर "टोमॅटो असतात, साखर असते" यापलीकडे गाडी जायची नाही. पण स्वयंपाकघरातल्या खणात तिला मलमलीचा एक चौकोनी तुकडा सापडला. त्यात मसाला बांधून पहिली ती पुरचुंडी उकळत्या सॉसमध्ये सोडायची. दुसऱ्या कुणी त्या तुकड्याने ओटा पुसला असता. काजवालीचा जन्म कापडात गेलेला. तिने तो उजेडात धरला. मधोमध बारीक तपकिरी टिपके, ते लवंगांचे. एक लांबट डाग, तो दालचिनीचा. आणि बाजूला एक काळा डाग, धुऊन धुऊन पुसट झालेला, पण काजळीचा. आता सॉसमध्ये काजळी कुठून येणार?

चार वर्षं ती त्या एका डागामागे हात धुऊन लागली. लवंगा करपवून बघितल्या. लसूण जाळून बघितला. पाचव्या वर्षी अख्खा कांदा सालीसकट गॅसच्या जाळावर काळाठिक्कर होईपर्यंत भाजला, पुरचुंडीत बांधला आणि पातेल्यात सोडला. तासाभराने सॉस झाला का बघायला बशीत थेंब टाकून बशी तिरकी केली. पाणी सुटलं नाही. बोट लावून चाखलं आणि ती ओट्याला टेकून खाली बसली. तोच वास. तीच चव. हुबेहूब.

त्या दिवशी जेवताना तिने श्वास रोखून धरला होता. पोरीने पावाला सॉस लावला, खाल्ला. "छान आहे, मावशी," ती म्हणाली. "पण..."

चवीत काडीचाही फरक नव्हता. फरक करणारीत होता, आणि त्याला काजवालीकडे इलाज नव्हता.

त्यानंतर आणखी एक गोष्ट घडली, तीही सांगून टाकायला हवी. चार वर्षांपूर्वी कपाट साफ करताना तिने वरच्या फळीवरची ती ठेवणीतली बाटली खाली उतरवली. झाकण गंजून फुगलं होतं, कडेने फेस येऊन वाळला होता. उघडताच असा भपकारा आला की तिने नाक धरलं. फेकण्यावाचून गत्यंतर नव्हतं, हे खरं. पण वाफ्याच्या कडेला खड्डा करून ती बाटली रिकामी करताना तिला मनातून गुदगुल्या झाल्या, हेही तितकंच खरं. बाई, तुझाही सॉस नासतो तर! मग मात्र तिला भीती वाटली. पेंटरला काय सांगणार? त्याचा गुडघा दुखरा, तो काही स्टुलावर चढून बघणार नव्हता. तरी खालून जागा रिकामी दिसायला नको म्हणून तिने स्वतःच्या पहिल्या तोडणीची एक बाटली तिथे मागे सरकवून ठेवली. दरवर्षी जुनी काढायची, नवी ठेवायची. बोलली कुणाकडेच नाही.

यंदा तिसऱ्या तोडणीच्या वेळी पोरगी दोन दिवसांसाठी घरी आली. आता ती बावीस वर्षांची होती, दुसऱ्या गावी दातांच्या दवाखान्यात नोकरी करायची, खोली घेऊन राहायची. रविवारी परतताना सॉसच्या बाटल्या घेऊन जाणार होती. शनिवारी सकाळी काजवाली टोमॅटो चिरून गॅसवरच्या पातेल्यात टाकत होती, शेजारी भाजलेला काळा कांदा पुरचुंडीत बांधून तयार होता, आणि पोरगी रिकाम्या बाटल्या शोधायला स्टुलावर चढली.

"वर काही नाहीये, खाली उतर," काजवाली म्हणाली. पण म्हणायला उशीर झाला.

"मावशी." पोरीचा आवाजच बदलला. "मावशी, ही बघ. आईची आहे."

तिच्या हातात धूळ बसलेली बाटली होती. चिठ्ठीवर पेंटरच्या अक्षरांत लिहिलं होतं: पहिली.

"बाबा! बाबा, इकडे या!"

पेंटर बाहेर एका न्हाव्याच्या दुकानाची पाटी रंगवत बसला होता. निळे हात घेऊन तसाच आत आला. बाटली बघून त्याचा चेहरा असा काही झाला की काजवालीने नजर टोमॅटोंकडे वळवली.

"तिचीच," तो म्हणाला. "मीच ठेवली होती."

"उघडू या?"

"उघडू नका हं!" काजवाली ओरडली. "चौदा वर्षं झाली, विष झालं असेल त्याचं! तू दवाखान्यात काम करतेस ना? एवढं कळत नाही?"

पण पोरीने झाकण फिरवलंसुद्धा. वास घेतला. डोळे मिटले. "मावशी, अगं ताजा आहे! जरासुद्धा बिघडलेला नाही!" तिने चमचा बुडवला, तोंडात घातला आणि तिच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "हीच. हीच ती चव. बाबा, घ्या ना."

पेंटरने चाखलं आणि नुसती मान हलवली.

बारा वर्षं काजवाली ज्या शब्दांची वाट बघत होती ते शब्द असे तिच्या समोर, तिच्याच सॉसवर, पहिलीच्या नावाने उधळले जात होते. जाऊ दे, तिने स्वतःला बजावलं. रडू दे पोरीला. तुझं काय जातंय? खरं तर ती गप्प बसलीही असती. पण पोरीने डोळे पुसत शेजारची गेल्या वर्षीची उघडी बाटली ओढली, तिच्यावरच्या 'दुसरी'वर बोट ठेवलं, त्यातला चमचाभर सॉस खाल्ला आणि लाडाने म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस हं मावशी, तुझाही चांगला असतो, पण फरक कळतोच ना? चौदा वर्षं झाली तरी आईच्या हातचा नासला नाही बघ!"

झालं. सुरी ओट्यावर आपटली.

"माझा आहे तो!" काजवाली म्हणाली. "दोन्ही माझेच! गेल्या वर्षीचे! पहिली म्हणजे पहिली तोडणी, तुझी आई नव्हे! तुझ्या आईची बाटली फुगली, फसफसली, किडे पडायचे बाकी होते तिच्यात! चार वर्षं झाली, मी ती खड्ड्यात ओतून टाकली. नासतो हो तिच्याही हातचा! नासतो!"

पेंटरने हातातला चमचा हळूच ओट्यावर ठेवला आणि मागच्या दाराने वाफ्याकडे निघून गेला.

"तू टाकलीस," पोरगी म्हणाली. "आणि आम्हाला सांगितलं नाहीस."

"नाही."

"टाकताना बरं वाटलं असेल ना तुला?"

खोटं बोलायला जागा होती. काजवालीला खोटं बोलवलं नाही. "वाटलं," ती म्हणाली.

पोरगी आता भांडेल, आदळआपट करेल, बॅग उचलेल, असं तिला वाटलं आणि तिने कंबर कसली. पण पोरगी स्टुलावर बसली. हातातल्या बाटलीकडे बघत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे मला आईची चव आठवतच नाही."

काजवालीला काही कळेना.

"मी एवढं छातीठोकपणे सांगितलं, हीच, हीच. आणि ती तुझी निघाली. म्हणजे दरवर्षी मी तुला सांगत आले, आईचा असा होता, आईचा तसा होता, आणि माझ्याकडे काहीच नव्हतं गं. आवाज तर कधीच विसरले. वाटलं होतं, एवढी एक चव तरी आहे."

आता जिंकायला आणखी काय हवं होतं? पहिली साफ हरली होती. घरातून तिचं शेवटचं काही जायचं राहिलं होतं, तेही गेलं होतं. काजवालीने नुसतं गप्प बसायचं, की यापुढे या घरात एकच सॉस, तिचा. कुणी 'पण' म्हणणार नाही. तिला अगदी मोह झाला. खोटं कशाला सांगायचं?

मग तिने ओट्यावरची पुरचुंडी उचलली, दोरा तोडला, काळा कांदा, लवंगा, दालचिनी बाजूला काढली आणि तो मलमलीचा तुकडा पोरीच्या मांडीवर पसरला.

"हा तुझ्या आईचा आहे."

"हे फडकं?"

"फडकं म्हणू नकोस. हा काळा डाग दिसतो? तो इथे मी यायच्या आधीचा आहे. यावर चार वर्षं घातली मी. तुझ्या आईच्या सॉसची ती पहिली बाटली आठवते, बटाट्यांवर घेतलेली? तुम्ही दोघं गेल्यावर मी ती चाटून खाल्ली होती. चव विसरू नये म्हणून त्या दिवशी रात्रीपर्यंत पाणीसुद्धा प्यायले नाही. मग तिच्यासारखा होईपर्यंत करत राहिले. मेली माझ्यापेक्षा चांगला करते म्हणजे काय, याच रागाने! तुला बरोबर आठवतंय, पोरी. ही तिचीच चव आहे. मी चोरली होती. तू विसरली नाहीस."

पोरगी त्या तुकड्यावरचे डाग बोटाने चाचपत राहिली. काळ्या डागावर बोट थांबलं. तिने तो तुकडा नाकाशी नेला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.

"मावशी," मग तिने विचारलं, "तुझा कसा असतो?"

"काय?"

"सॉस. तुझा स्वतःचा. बारा वर्षं तू आईचा केलास. तुझा कसा लागतो?"

काय सांगणार? केलाच नव्हता कधी. पहिलीवर मात करायच्या नादात तिने स्वतःचा एक थेंबही केला नव्हता. तिला पोरीचा राग आला, पहिलीचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. पातेल्यात टोमॅटो रटरटत होते.

"ऊठ," ती म्हणाली. "नुसती बसून राहू नकोस. लसूण सोल."

तिने काळा कांदा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. लवंगा परत बरणीत गेल्या. तिला स्वतःला काय आवडतं, हे आठवायलाच तिला वेळ लागला. आंबट आवडायचं. लहानपणी कच्चे टोमॅटो मीठ लावून खायची ती. तिने मूठभर लसूण ठेचून घातला, दोन हिरव्या मिरच्या घातल्या, साखर हातात घेतली, बघितली आणि अर्धी परत डब्यात टाकली. व्हिनेगर ओतताना पोरगी म्हणाली, "बास ना, मावशी," तरी ओतलं.

दुपार कलली तेव्हा पेंटर मागच्या दाराने आत आला. गुडघ्यांना माती लागली होती. बहुतेक खड्डा शोधून आला होता. त्याने ब्रश धुतला, चिठ्ठी कापली आणि नेहमीसारखं विचारलं, "काय लिहू?"

"तिसरी."

पेंटरने दचकून वर बघितलं.

"तोडणी!" काजवाली कडाडली. "आता या वयात कोण येणार आहे तुमच्याकडे?"

पोरगी फिस्सकन हसली. रडून रडून नाक लाल झालेलं, तरी हसली. मग तिने पावाचा तुकडा मोडला, गरम सॉसमध्ये बुडवला, फुंकर मारली आणि तोंडात घातला. काजवाली ओट्याकडे वळली आणि पुसलेलीच सुरी पुन्हा पुसायला लागली. पाठीमागे पोरगी चावत होती, ते तिला स्पष्ट ऐकू येत होतं.

"बाई गं, किती आंबट झालाय, मावशी!" पोरगी म्हणाली.

काजवालीचा हात थांबला.

"पण," पोरगी म्हणाली, "अजून वाढ."